सावंतांचे पाच स्पीकर आणि माझी पोटदुखी

स्टाफरूममध्ये खडूची धूळ आणि किस्से या दोन गोष्टी आपोआप साठतात. धूळ निदान आठवड्यातून एकदा झाडली जाते, किस्से मात्र एकाचे चार होतात. आमच्या जामसंड्याच्या शाळेत सध्या सगळे किस्से चित्रकलेच्या सावंत सरांच्या स्पीकरवर येऊन थांबतात. माझं दुर्दैव असं, की त्यातल्या प्रत्येकात मी आहे.

आधी माझी बाजू ऐका. कित्येक वर्षं शनिवारचा पिक्चर माझ्याकडे असायचा. मोठा टीव्ही, दोन बाजूंना दोन स्पीकर आणि माझ्या बायकोची, सुनंदाची, कांदाभजी. सगळा स्टाफ यायचा. ‘परब सरांकडे काय आवाज आहे!’ हे ऐकायला मला भूगोलाच्या निकालापेक्षा जास्त आवडायचं. सावंत तर शेजारीच, ते चपलासुद्धा न घालता यायचे. मग त्यांच्या घराचं काम झालं, हॉल मोठा निघाला आणि त्यांनी जाहीर केलं की आता आपण होम थिएटर घेणार. त्या दिवसापासून मी जळतोय. उगाच आडपडदा कशाला!

* * *

‘फाइव्ह पॉइंट वन घ्यायचंय,’ सावंतांनी मधल्या सुट्टीत सांगितलं. पाच म्हणजे समोर तीन स्पीकर, मागे दोन. हिंदीच्या देसाई मॅडमनी विचारलं, मग पॉइंट वन कुठला? सावंत म्हणाले, तो सबवूफर. दणका देणारा डबा. आकाराने सगळ्यात मोठा, वजनाला सगळ्यात जड, आणि तो खाली जमिनीवर कोपऱ्यात ठेवायचा.

मॅडम वह्या तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘म्हणजे घरात जो सगळ्यात जास्त राबतो, त्याला पॉइंट वन धरायचं. आमच्याकडेही तसंच आहे.’

* * *

खरेदीला सावंत मला कोल्हापूरला घेऊन गेले. या विषयातला जाणकार म्हणून! दुकानात काळ्या काचेची खोली, आत मऊ खुर्च्या. दुकानदाराने एक हेलिकॉप्टर आमच्या मागून आणलं आणि डोक्यावरून पुढे नेलं. मी चक्क खाली वाकलो. सावंतांनी आशेने विचारलं, ‘कसा वाटता?’

खरं बोललो असतो तर तिथेच रडलो असतो. मी आपला अंगठा हनुवटीला लावून म्हटलं, ‘बास जरा जास्त होतोय.’

दुकानदार नम्रपणे म्हणाला, ‘सर, सबवूफर अजून चालू केलेला नाही.’

* * *

मागचे दोन स्पीकर बसणाऱ्याच्या पाठीमागे, कानापेक्षा थोडे वर हवेत, असं दुकानदाराने बजावलं होतं. सावंतांच्या हॉलमध्ये नेमकं तिथेच देवघर. एक स्पीकर खिडकीजवळ गेला, दुसरा देवघराच्या छपरावर बसला. सावंतांचे वडील, तात्या, जरा कमी ऐकतात, त्यामुळे त्यांना कोणी काही सांगितलंच नाही.

पहिल्याच शनिवारी दिवेलागणीला तात्या देवापुढे निरांजन लावायला वाकले. इकडे पिक्चरमधला व्हिलन हिरोच्या मागे येऊन उभा राहिला आणि थेट देवघरातून गरजला, की तुझी घटका भरली. हिंदीतून गरजला, पण तात्यांना त्याचं काही वाटलं नाही. ते तिथेच खाली बसले आणि हात जोडून म्हणाले, ‘देवा म्हाराजा, येवढो मे म्हयनो जाव दे. आंबे पेटयेत भरूचे रवलेत.’

* * *

त्याच महिन्यातला दुसरा किस्सा मला जास्त लागला. सगळा स्टाफ आता सावंतांकडे. आमची सुनंदाही तिकडे, भजीची परात घेऊन! मीही गेलो, दोष काढायला. पिक्चरमध्ये पाऊस सुरू झाला. आधी मागून टपटप, मग चारी बाजूंनी. सुनंदा ताडकन उठली आणि चप्पल शोधत अंगणातून आमच्या घराकडे धावली. गच्चीवर कोकमाची सोलं वाळत घातली होती. बाहेर ऊन मी म्हणत होतं, तरी बाईने अर्धी सोलं गोळा केली, मग वर बघितलं.

घरी आल्यावर मी म्हटलं, हसं करून घेतलंस. ती शांतपणे म्हणाली, ‘तुमच्या टीव्हीत कितीय पाऊस पडलो, तरी माका कधी उठूचा लागूक नाय.’

त्या रात्री मी जेवलो नाही.

* * *

मग मीही उपाय केला. माझे दोन्ही स्पीकर सोफ्याच्या मागे नेऊन ठेवले. झाला सराउंड! देसाई मॅडमना आग्रह करून बोलावलं. हिरॉईन समोर ओठ हलवत होती आणि बोलत होती आमच्या मानेमागून. मॅडम दर वाक्याला मागे वळून बघत होत्या. मध्यंतरात उठल्या आणि म्हणाल्या, ‘सर, तुमच्याकडचा पिक्चर चांगला आहे, पण मानेला पट्टा लागेल.’

* * *

नवरात्राच्या सुमारास एका संध्याकाळी कडाडून वीज झाली आणि सावंतांचा अ‍ॅम्प्लिफायर गेला. मला बरं वाटलं. बरं काय, गोड वाटलं. तो दुरुस्तीला कोल्हापूरला गेला आणि शनिवार माझ्याकडे परत आला. स्पीकर मी पुढे आणून पुसून ठेवले होते. सगळे बसले, भजी झाली. पिक्चरमध्ये पाऊस आला, तेव्हा सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि कोणीतरी उसासा टाकला. सावंत म्हणाले, आवाज चांगला आहे हां सर. त्याने मला अधिकच झोंबलं.

अ‍ॅम्प्लिफायर बरा होऊन आला, त्या शनिवारी तात्या हट्टाला पेटले. नारळ ठेवून गाऱ्हाणं घातल्याशिवाय बटण दाबायचं नाही. आम्ही सगळे हात जोडून देवघरासमोर उभे राहिलो. तात्यांनी डोळे मिटले.

‘बा देवा म्हाराजा! आज ह्यां मशीन कोल्हापुरासून बरां होवन घराक इलां!’

‘व्हय म्हाराजा!’ आम्ही सगळे.

‘ह्येच्यार कोणाची वायट नजर पडली आसात, कोणाच्या पोटात दुखला आसात, तर तां ह्या नारळावांगडा भायर काढ रे म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’ सगळे म्हणाले. सगळे, म्हणजे मी सोडून. तात्यांना कोणी काही सांगितलं की काय, या विचारात मी त्या अ‍ॅम्प्लिफायरच्या निळ्या दिव्याकडे बघत राहिलो होतो. सुनंदाने कोपर मारलं. मी दचकलो, आणि सगळं शांत झालेलं असताना एकटाच खणखणीत ओरडलो, ‘व्हय म्हाराजा!’

तात्यांनी डोळे उघडले नाहीत. फक्त हातातला नारळ थोडा वर उचलला.

‘उशिरा का होयना, पण हो शेजारी कबूल झालो रे म्हाराजा! ह्येकाय सांभाळून घे!’

‘व्हय म्हाराजा!’ सगळा स्टाफ म्हणाला.