पोट धरून बहात्तर

मांजरसुंब्याच्या चौकात आरशात केस बघता बघता मी माझी लाल स्पोर्ट्स कार दुभाजकावर चढवली. केस म्हणजे जे काही उरलेत ते. गाडी एकवीस वर्षांची, दोन माणसांची, छत उघडणारी. शाळेत गणित शिकवणाऱ्या माणसानं असली गाडी का घ्यावी, हे उदाहरण आमच्या घरात अजून सुटलेलं नाही. दणका बसला आणि ती डावीकडं ओढायला लागली.

चाकांचं अलाइनमेंट करणारे तिथं दोघं. त्यातला आप्पाराव नवा. बंकटच्या धाब्यामागं ताडपत्रीखाली त्याचं मशीन होतं, पडद्यावर लाल-हिरवे आकडे. त्यानं यादी वरखाली केली आणि म्हणाला, "सर, कंप्युटरमधी ही गाडीच न्हाई."

दुसरा उत्तरेश्वर. धाब्याच्या पुढ्यात, ऐन रस्त्याला लागून, कडुलिंबाखाली त्याची पत्र्याची शेड. तिथं एकोणीस वर्षं तो नायलॉनच्या दोरीनं चाकं सरळ करत होता. त्याचा बाप तिफणीनं पेरायचा, तर ज्वारीच्या ओळी बघायला शेजारच्या गावची माणसं यायची म्हणे. तो बापाचा डोळा उत्तरेश्वरला आलेला. एकच, कारण मापताना दुसरा तो कायम मिटलेलाच ठेवायचा.

जागा मात्र बंकटची, आणि रस्त्याकडची ती जागा आता आप्पारावला हवी होती. माझी गाडी मशीननं नाकारलेली बघून बंकटला कल्पना सुचली. तो चहाचा ग्लास घेऊन बाहेर आला.

"उत्तऱ्या, ही गाडी सरळ करून दाखीव. मास्तरनी हात सोडून पाटोद्याच्या रस्त्यावरल्या मोरीपतोर न्यायची. गेली सरळ तर जागा तुझी. न्हाई गेली तर आजच पत्रे काढ."

"काढतो की," उत्तरेश्वर म्हणाला आणि कामाला लागला.

गाडीच्या चारी कोपऱ्यांत सळया रोवून त्यानं दोरी ताणली. पुढच्या चाकांखाली खताच्या रिकाम्या पिशव्या घातल्या, मधे ग्रीस, चाक अडखळू नये म्हणून. चौघांना लावून गाडी तीनदा मागंपुढं ढकलली. मग पट्टी घेऊन जमिनीला गाल लावून झोपला. तेवढ्यात उठून बसला.

"सर, वजन किती तुमचं?"

"कशाला?"

"गाडी लई हलकी हाय. चालवणाऱ्याइतकं वजन शिटावर ठिवून मापावं लागतंय."

भोवती वीसेक माणसं जमलेली. माझ्या शाळेत शिकून गेलेले दोन कंडक्टर त्यांत होते.

"बहात्तर," मी म्हणालो.

त्यानं दुसराही डोळा उघडला. "बहात्तर?"

"बहात्तर."

"पोट धरून?"

कंडक्टर खिदळले. मी करारी आवाजात म्हणालो, "पोट धरून."

"धाब्यावर काटा हाय. येता का जरा?"

"मी काय सरकीचं पोतं आहे, काट्यावर चढायला?"

"चढू नका," तो म्हणाला. "मास्तर हाव तुमी, आकडा खोटा कशाला सांगताल!" आणि त्यानं पत्र्यावर खडूनं ७२ लिहिलं. म्हशींच्या सरकी पेंडीची दोन पोती काट्यावर तोलून, चिमूट चिमूट कमीजास्त करून त्यानं माझ्या सीटवर बसवली. मला दिसत होतं की ती पोती माझ्यापेक्षा बारीक आहेत. माझं वजन ब्याण्णव होतं. पण वीस माणसांसमोर वीस किलो कबूल करायचे म्हणजे फार झालं. अडीच तास तो त्या पोत्यांसाठी सूत-सूत मोजत राहिला. शेवटी म्हणाला, "न्या."

पोती उतरली, मी बसलो. गाडीनं खाली बसताना कुरकुर केली, ती ऐकू जाऊ नये म्हणून मी खोकलो.

पाटोद्याच्या रस्त्याला चाळीसच्या वेगावर आलो आणि छत उघडंच होतं, म्हणून सगळ्यांना दिसावेत असे दोन्ही हात वर केले. पोलिसांनी पकडल्यासारखा मी चाललो होतो. थोडा वेळ गाडी दोरीसारखी गेली. मग माझ्या बाजूला, उजवीकडं, झुकायला लागली. पांढरी रेघ चाकाखालून निघून गेली, समोर बाभळी आल्या. मोरी शंभर पावलं राहिली असताना मी स्टीअरिंग धरलं.

परत आलो तर लोक हसून हसून धाब्याच्या खाटांवर लोळत होते.

"दोरी कंबरंला बांध आता!" बंकट उत्तरेश्वरला म्हणाला. "चड्डी तरी सरळ राहील बे!"

मी गाडीत बसलेलो असतानाच उत्तरेश्वर पुढं आला, वाकला आणि त्यानं उजव्या चाकावर चेपलेल्या स्प्रिंगकडं एक डोळा मिटून बघितलं. मग उघडा डोळा माझ्या पोटावर आणला. मग तोंडावर. पत्र्यावर ७२ तसंच होतं. एक शब्द बोललो असतो तर शेड वाचली असती. मी आरशात केस बघितले.

तो दोरी कोपरावर गुंडाळत गेला. दुपारच्या आत पत्रे उतरले. ७२ चा पत्रा बंकटनं म्हशींच्या गोठ्याला मारला.

चार महिन्यांनी पुन्हा गेलो. गाडी उजवीकडंच ओढत होती. लिंबाखाली आता आप्पारावचं मशीन, आणि मशीनवर चढवलेल्या जीपमधे, ड्रायव्हरच्या जागी, उत्तरेश्वर मांडीवर हात ठेवून बसलेला. गिऱ्हाइकं चहाला जातात, आणि मशीनला सीटवर वजन लागतं. आप्पारावनं त्याला त्यासाठी ठेवलं होतं.

"हलू नको बे, आकडे हलतेत!" आप्पाराव ओरडला. उत्तरेश्वर हलला नाही.

जीप उतरली, तसं मी त्याला बाजूला घेतलं. घसा साफ केला.

"उत्तरेश्वर, त्या दिवशी माझं वजन बहात्तर नव्हतं. मी खोटं बोललो. माझ्यामुळं तुझी जागा गेली. आता तू म्हणशील ते करतो."

त्यानं एक डोळा मिटला, मला खालपासून वरपर्यंत मोजलं आणि धाब्याकडं बोट दाखवलं.

"आधी काट्यावर चढा."