तांब्याची तेजी आणि कात्रीबाई

हातमोज्यांच्या कारखान्यात तिला सगळे कात्रीबाई म्हणत. कातडं ताणून बघितलं की ते कुठे दगा देईल, हे तिला बरोबर कळायचं. नवरा गेल्यावर त्या कात्रीवरच तिनं घर ओढलं, धाकट्या दिराला लहानाचं मोठं केलं. तो तांब्याच्या खाणीत लागला.

मग जगभर तांब्याचा भाव भडकला. दीर नवीकोरी मोटारसायकल घेऊन दारात हजर! "वहिनी, सोड आता ते कातडं कापणं. तांब्याला सोन्याचे दिवस आलेत!" ती हसली. घरात चालून आलेलं सुख कुणाला नको असतं?

कारखान्यात मात्र मालकाचं तोंड उतरत चाललं होतं. शेवटी त्यानं सगळ्यांना बोलावलं. "तांबं विकून देशात परका पैसा धो धो येतोय, त्यानं आपलं चलन वधारलंय. तोच हातमोजा, तीच मजुरी. पण परदेशातल्या गिऱ्हाइकाला दीडपट महाग पडतो. ते दुसरीकडे वळलेत."

"म्हणजे आमचं चुकलं काय?" एकीनं विचारलं.

"काहीच नाही."

कात्रीबाईला तेच जास्त लागलं. चूक असती तर सुधारता तरी आली असती.

यंत्रं भंगारात गेली. त्याच जागेत बाहेरचे स्वस्त हातमोजे येऊ लागले आणि ती त्यांना लेबलं चिकटवू लागली. एकाची शिवण तिरकी दिसली म्हणून तिनं तो बाजूला ठेवला, तर मुकादम खेकसला, "बाई, चिकटवा गुपचूप." तिनं चिकटवलं. घरी चकार शब्द काढला नाही. दिराच्या आनंदात मिठाचा खडा कशाला टाका?

काही वर्षांनी तांबं कोसळलं. खाणीनं माणसं काढली, दीर घरी बसला. चलनही घसरलं, तशी जुनी गिऱ्हाइकं परत विचारू लागली. मालक धावत आला. "बाई, यंत्रं मी भाड्यानं आणतो, तुम्ही जुनी माणसं जमवा!"

ती दारोदार फिरली. एकीची नजर गेली होती, एक गाव सोडून गेली होती. तिसरी म्हणाली, "परत तांबं चढलं की परत हाकलणार ना?"

"वहिनी, मला शिकव," दीर म्हणाला. तिनं कातडं त्याच्या हाती दिलं. त्यानं ताणलं, आणि ते टर्रकन फाटलं.

"अरे, हे कळायला वर्षं जातात. गिऱ्हाईक थोडंच तेवढं थांबणार?"

ऑर्डर गेली. घसरलेल्या चलनात बाहेरचा माल परवडेना, म्हणून लेबलांचं कामही थांबलं. आता सकाळ झाली की दोघंही काम शोधायला बाहेर पडतात, तो एका वाटेनं, ती दुसऱ्या.