विकायला काढलेली लाल गिटार

ते प्रकरण मी अजून विसरलेलो नाही. खुनाचे, दरोड्याचे तपास केले, त्यांतले कित्येक आता पुसट झाले. ही तर साधी चोरी होती, एका गिटारीची. तरी जशीच्या तशी लक्षात आहे. कुणाचं नाव लिहीत नाही. माणसं हयात आहेत आणि त्याच रस्त्यांवरून जातात-येतात.

मी तेव्हा जिंतूर-सेलू भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिला. बी.ए. झालो, परीक्षा दिली, फौजदार झालो. वशिला नव्हता, शेत नव्हतं. सरकारी नोकरी घरात येणं म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

नवरात्र जवळ आलं होतं. देवगाव फाट्यावर चहाचं हॉटेल चालवणारा आमचा एक खबऱ्या होता. त्याचा फोन आला.

"साहेब, एक मास्तर हाय. ट्रॅव्हल्सच्या डिकीतून लांबलचक काळी पेटी उतरवून घेतो. कदी दुसऱ्याच कोणाला देऊन टाकतो. लोक मोटारसायकलवर येतात, पेटी उघडून बघतात, बंद करतात, निघून जातात."

"पेटीत काय असतं?"

"ते दावंना की कोणाला. बंदुकीच्या मापाची हाय, येवढं सांगतो."

बंदूक म्हटल्यावर गप्प बसता येत नाही. मी फाट्यावर साध्या वेशात माणूस ठेवला. तो काही खबर आणायच्या आतच ठाण्यात दुसरी फिर्याद आली. बोरीकडचा एक ऑर्केस्ट्रावाला आला. बागायतदाराच्या घरातला, लग्नसराईत त्याच्या ऑर्केस्ट्राला मोठी मागणी. त्याच्या वाद्यांच्या खोलीतून एक लाल बेस गिटार गेली होती.

बेस गिटार म्हणजे चार तारांची, जाड आवाजाची. गाण्याखाली जो घुमता ठेका लागतो, तो तिचा. विजेवर चालते; स्पीकरला जोडली नाही तर शेजारच्यालाही ऐकू येत नाही. हे सगळं मला तेव्हाच कळलं. आमचे हवालदार जुने, बेरकी. फोटो बघून म्हणाले, "साहेब, गिटारीला सहा तारा असत्यात. दोन आधीच गेल्यात, त्याची वेगळी फिर्याद घ्यायची का?"

मालक चिडला. "हसू नका. संशय कोणावर ते बी सांगतो."

बेसचा आवाज आता कीबोर्डमधूनच निघतो, म्हणून त्यानं बेसवाल्याला कमी केलं होतं आणि गिटार मोबाईलवर विकायला काढली होती. एक माणूस बघायला आला. उलटीपालटी करून बघितली, कान लावून ऐकली, भाव पाडून मागितली. सौदा जमला नाही. आणि पुढच्याच आठवड्यात गिटार गायब. बघायला आलेला माणूस कोण? जिल्हा परिषदेच्या शाळेचा मास्तर. भीमजयंतीला गायन पार्टीत बेस वाजवणारा. फाट्यावर काळ्या पेट्या उतरवून घेणारा.

पोलिसाच्या डोक्यात दोन धागे असे आपोआप जुळले की तो खूश होतो. मीही झालो.

जागेचा पंचनामा केला. कुलूप शाबूत. चावी कुठं असते? तुळशी वृंदावनाच्या कोनाड्यात. कोणाला माहीत? "सगळ्या कलाकारांना," मालक म्हणाला, "आन् त्या मास्तरला. त्याच्यासमोरच काढली मी."

मास्तराच्या घराची झडती घ्यायची ठरली. बौद्ध वस्तीत, रस्त्याला लागून घर. दोन पंच, मी, हवालदार, एक शिपाई, आणि वस्तू ओळखायला मालक. जीप थांबताच गल्ली भरली. त्याची आई दारात उभी होती. बाई रोजगार हमीच्या कामावर जाऊन पोराला डी.एड. केलेली. ती बाजूला झाली नाही.

"साहेब, झडती घ्या. पण पायातलं काढून या. आत बुद्धाची मूर्ती हाय."

मी बूट काढले. शिपायानंही काढले. मालकाकडं तिनं बघितलंच नाही.

घरात अर्धा डझन बेस गिटारी निघाल्या. काही भिंतीवर, काही दिवाणाखाली, एक तर बायकोच्या साड्यांच्या कपाटात, शालीत गुंडाळून. ती लाल होती. मालक ओरडला, "हीच! हीच माझी!"

मास्तराचं तोंड उतरलं. तो एवढंच म्हणाला, "न्हाई. ती विकायची न्हाई."

बाहेर गल्लीत कोणीतरी म्हणालं, "मास्तरच्या घरात चोरीचा माल घावला." आम्ही अजून पंचनाम्यावर सहीसुद्धा घेतली नव्हती.

गिटार जप्त केली आणि मास्तराला ठाण्यात आणलं. चौकशी मी स्वतः केली.

"सर, बिलं दाखवा."

"जुन्या वस्तूला कसलं बिल, साहेब? नांदेडचा एक ऑर्केस्ट्रा बंद पडला, त्याची घेतली. हैदराबादच्या एकाची ट्रॅव्हल्सनं मागवली. बिघडलेली असते, आतली वायर जोडतो, घासतो, नव्या तारा चढवतो, विकतो."

"ही लाल कधी घेतली?"

"होऊन गेले दिवस."

"मोबाईलवर तिची जाहिरात टाकली होती तुम्ही. चोरी झाली त्याच आठवड्यात टाकली आणि लगेच काढूनही टाकली. का?"

हाच माझा पक्का मुद्दा होता. माल गरम झाला की जाहिरात उतरते. मास्तर म्हणाला, "गिऱ्हाईक यायचं होतं म्हणून साफ केली. द्यायच्या आधी एकदा वाजवून बघितली. तिथंच बिघडलं."

"काय बिघडलं?"

"मन, साहेब. घेताना मी व्यापारी असतो. विकताना जमत न्हाई. त्या गिऱ्हाइकाला फाट्यावरून परत पाठवलं. त्यानं लय शिव्या दिल्या."

हवालदार माझ्याकडं बघून गालात हसले. "आन् बायको काय म्हणते?"

"म्हणते, तुमाला दुकानदारी जमत न्हाई, नुसतं गोदाम जमतं."

हवालदारांनी त्याला बाहेर बसवलं आणि मला म्हणाले, "साहेब, आजवर लय थापा ऐकल्या. चोरीचा माल आवडला म्हणून ठेवला, ही नवीन हाय. घ्या आत."

मालकाचे फोन सुरू झाले. मग मालकाच्या ओळखीच्यांचे. सगळ्यांचं एकच म्हणणं, अटक कधी करताय? आणि माझ्यासमोर एक नियम होता. सरकारी नोकर अठ्ठेचाळीस तासांहून जास्त कोठडीत राहिला की निलंबित धरला जातो. पुढं निर्दोष सुटला तरी वर्षं जातात, आणि तोवर ती दारात उभी राहिलेली बाई गावाला काय तोंड दाखवणार? माझा मास्तरावर विश्वास बसला होता असं समजू नका. मला त्याच्यावर संशयच होता. पण संशय आणि पुरावा यांच्यामध्ये कोणाची भाकरी असेल तर मी हात आखडता घेत असे. या गुन्ह्यात अटक केलीच पाहिजे असं कायद्यानं नव्हतं. नोटीस दिली, बोलावल्यावर हजर राहायचं लिहून घेतलं आणि सोडलं. ठाण्यात कुजबुज झाली. होऊ दिली.

मालकाचा पुरवणी जबाब घ्यायला बोलावलं. वस्तू तुमचीच, हे कशावरून?

तो छाती फुगवून म्हणाला, "दर खंडेनवमीला माझी आई सगळ्या वाद्यांची पूजा करती. ती गिटार आमच्या घरातली लक्ष्मी हाय, साहेब. हळदकुंकू, तांदूळ, झेंडूचा हार. एक साल चुकलं न्हाई."

मी त्याच्या घरी जाऊन बाकीची वाद्यं बघितली. कीबोर्डच्या पट्ट्यांच्या फटीत, ढोलकीच्या कडीखाली, सगळीकडं वाळलेलं कुंकू. पुसलं तरी फटीत राहतंच. मग पंचांसमोर जप्त केलेली लाल गिटार खोलली. तारा बसतात ती पट्टी काढली, खालची प्लेट काढली. धूळ होती. कुंकवाचा कण नव्हता.

मालक म्हणाला, "धुतली असंल त्यानं. त्याच्या हातात कला हाय ती."

तेही शक्य होतं. खऱ्या गिटारीचा पत्ता लागेपर्यंत मास्तर काही सुटत नव्हता.

मालकाचा जुना बेसवाला मी झडतीनंतर लगेच बोलावला होता. आता तो वेल्डिंगचं दुकान चालवायचा. चावी त्यालाही माहीत होती. पण तो शांत बसला होता. "साहेब, स्पीकर न्हाई, प्रोग्राम न्हाई, मी तिला घेऊन काय करू? विकायची म्हणलं तर या जिल्ह्यात घेणारा एकच हाय, त्यालाच तुमी धरलंय." बोलणं बिनतोड होतं. आम्ही मोबाईलवरच्या जाहिरातींवर पाळत ठेवली. परभणी, नांदेड, हिंगोली, कुठंच ती गिटार विकायला आली नाही. आमची सगळी शोधाशोध एका गृहीतावर उभी होती, की चोरलेली वस्तू आज ना उद्या बाजारात येते.

खंडेनवमी उजाडली. त्या दिवशी ठाण्यातही शस्त्रपूजा असते. रायफली, पिस्तुलं टेबलावर मांडतात, अंमलदार हळदकुंकू वाहतात. पूजा चालू असताना जीपचा ड्रायव्हर पाना आणि पक्कड घेऊन आला आणि रायफलीच्या शेजारी ठेवायला लागला.

हवालदार खेकसले, "अरे, हे शस्त्र हाय का?"

"माझं पोट ह्याच्यावर हाय, मामा. आज ह्यांला बाहेर ठिवून कसं चालंल?"

मी तिथं उभा होतो, आणि मला मास्तराचं ते हसण्यावारी नेलेलं उत्तर आठवलं. विकताना जमत नाही. हे खरं असेल, तर असा माणूस जिल्ह्यात एकच कशावरून? आम्ही ती गिटार कोण विकेल ते शोधत होतो. ती विकली जाऊ नये, असं कोणाला वाटलं असेल?

आणि तो जो कोण असेल, तो आज तिला बिनपूजेची ठेवेल?

मी हवालदारांना घेतलं आणि वेल्डिंगच्या दुकानावर गेलो. दुकान पुढं, घर मागं. पोत्यावर हातोडी, ग्राइंडर, वेल्डिंगचं मशीन मांडलेलं. आम्हाला बघून तो उठला, खुर्च्या पुसल्या, पेढा दिला. चेहऱ्यावर काही नव्हतं. त्याची बायको ताट घेऊन आली, एकेका हत्याराला कुंकू लावलं आणि ताट घेऊन आत निघाली. ताटात एक हार शिल्लक होता. साधा नव्हे, चांगला जाड.

"वहिनी, आत काय राहिलं?" मी विचारलं.

तोच पटकन बोलला, "शिलाई मशीन हाय, साहेब."

बाई हसली. "आन् तुमची गिटार? तिकडं मालकाच्या घरी जाऊन कुंकू लावीत होता की दरसाल. यंदा मालकानं देऊनच टाकली तर बिनपूजेची ठिवता व्हय?"

ती बिचारी खरंच तसं समजत होती. नवऱ्यानं तसंच सांगितलं होतं. तो हळूच पोत्याशेजारी खाली बसला. हवालदारांनी हातातला पेढा परत ताटात ठेवला.

पंच बोलावले. आतल्या खोलीत, पाटावर, नव्या टॉवेलवर लाल गिटार होती. पट्टी काढली तर खाली कुंकवाचा जुना थर, काळपट पडलेला. मालकानं ओळखली. चोरी कबूल करताना वेल्डिंगवाल्यानं एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. "मी म्हणलो, विकायचीच हाय तर मला द्या. ते म्हणले, वेल्डिंगवाल्याला काय करायची? साहेब, तिच्यावर वाजवून वाजवून बोटांची सालटी गेली माझी. ती कोणाच्या बी हातात जाणार होती."

बाई दाराला धरून ऐकत होती. मी तिच्याकडं बघणं टाळलं. दोषारोपपत्र दाखल केलं. पुढं कोर्टाच्या परवानगीनं मालकानं तडजोड केली, असं ऐकलं.

आता मास्तराचं. कोर्टाचा आदेश झाला की मुद्देमाल ठाण्यात बोलावून सहीवर परत देतात. पद्धत तशीच आहे. मास्तराची नोकरी वाचली होती, पण शाळेत पालक त्याच्याकडं वेगळं बघायला लागले होते, हे माझ्या कानावर होतं. मी त्याला ठाण्यात बोलावलं नाही. झडतीला होते तेच दोन पंच घेतले, तीच जीप घेतली आणि भर दिवसा त्याच गल्लीत गेलो. गल्ली परत भरली. मी मोठ्यानं सांगितलं, "ही गिटार यांची आहे. चोरीची नव्हती. चोर सापडला आहे." भाषण नव्हतं, एवढंच.

झडतीबद्दल मला आजही काही वाटत नाही. ती कायदेशीर होती, आणि तेवढ्याच माहितीवर आजही घेईन. संशय घेणं हे आमचं कामच आहे. पण या प्रकरणानंतर मी प्रत्येक ठाण्यात एक रीत पाळली. ज्याच्या दारात संशय घेऊन गेलो, त्याच्या दारातून तो परत न्यायलाही मीच जायचो, लोकांसमोर. दुसरी गोष्ट, माणूस वेड्यासारखं कारण सांगायला लागला की हसायच्या आधी ते लिहून घ्यायचं.

मास्तरानं तारा तपासल्या, पावतीवर 'मिळाली' लिहून सही केली. त्याची आई दारातच उभी होती. मी नमस्कार केला, तिनं मान हलवली. आमच्या भागात शत्रू दारात आला तरी चहाला विचारतात. तिनं विचारलं नाही. तिच्या जागी माझी आई असती, तर तिनंही विचारलं नसतं.