चेंबर मी पाहिलं नव्हतं

उत्तर सीमेवरच्या त्या पोस्टवर आम्ही अकरा जण होतो. मी हवालदार, गार्ड कमांडर, वय छत्तीस. नाईक मारुती देसाई गारगोटीकडचा, तेहतीस वर्षांचा, दोन मुलींचा बाप. शिपाई संदीप उचगावचा. ट्रेनिंग संपवून पलटणीत येऊन त्याला पाच महिने झाले होते. वय एकोणीस.

पहाऱ्यावरचा जवान, म्हणजे संत्री, दर दोन तासांनी बदलायचा. ड्यूटी उतरलेला जवान वाळूनं भरलेल्या एका ड्रमसमोर उभा राहतो आणि रायफलची नळी वाळूच्या दिशेला धरतो. गार्ड कमांडर हुकूम देतो, "खाली कर." जवान आधी मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, काढतो, मग कॉकिंग हँडल मागे ओढून धरतो. कमांडर वाकून चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला गोळी बसते त्या जागेत, बघतो. आत गोळी नसेल तर "देखा, ठीक" म्हणतो. त्यानंतर हँडल पुढे सोडायचं आणि वाळूवर ट्रिगर दाबायचा. नुसता खट्‌ आवाज येतो.

क्रम चुकला, म्हणजे हँडल आधी ओढून सोडलं आणि मॅगझिन नंतर काढली, तर एक गोळी आत जाऊन बसते. मॅगझिन हातात असते, रायफल रिकामी वाटते, पण ती रिकामी नसते. दमलेल्या माणसाकडून हे होतं, म्हणूनच दुसऱ्या माणसाचा डोळा लागतो.

सतरा वर्षांच्या नोकरीत मी हे इतक्या वेळा केलं होतं की पुढं पुढं मी वाकणं सोडलं. आवाजावरून कळतं, असं मी पोरांना सांगायचो. पोरांना त्याचं कौतुक वाटायचं, आणि खरं सांगायचं तर मलाही.

त्या दिवशी 14:00 ला संदीप ड्यूटीवरून उतरला. नेमका तेव्हाच रेडिओवर तासाचा रिपोर्ट द्यायचा होता. मी ड्रमकडे पाठ करून सेटपाशी उभा होतो. चार्ली म्हणजे आमची पोस्ट, टायगर म्हणजे खालचं मुख्यालय.

"चार्ली, टायगर. रिपोर्ट, ओव्हर."

"टायगर, चार्ली. ऑल ओके, ओव्हर."

मागून संदीप म्हणाला, "उस्ताद, खाली."

मी वळलो नाही. हात वर करून म्हणालो, "देखा, ठीक."

मारुती लंगरच्या, म्हणजे आमच्या स्वयंपाकघराच्या, दारात दोन मग घेऊन उभा होता. तो ओरडला, "ये पावण्या, चा गार व्हालाय! का बायको येऊन पाजनार हाय?"

संदीपचं लग्न ठरलेलंसुद्धा नव्हतं. सगळे हसले. तोही हसत त्याच्याकडे वळला. त्याच्याबरोबर नळी वळली आणि बोटानं नेहमीचं काम केलं. 14:04.

"टायगर, चार्ली. एक कॅज्युअल्टी, गनशॉट, ओव्हर."

"चार्ली, आत्ता ऑल ओके दिलंत. रिपीट, ओव्हर."

मी रिपीट केलं.

गोळी मारुतीच्या छातीत उजवीकडे लागली होती. ढग खाली आले होते, हेलिकॉप्टर येणार नव्हतं. आम्ही स्ट्रेचरवर त्याला खाली न्यायला निघालो. संदीप पुढचा दांडा सोडत नव्हता. एका मगाचा कान मारुतीच्या बोटात तसाच अडकलेला होता. 15:20 ला आमच्याबरोबरच्या नर्सिंग असिस्टंटनं नाडी बघून नकारार्थी मान हलवली. त्यानंतर तो मग मी काढून घेतला.

तिसऱ्या दिवशी कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसलं. संदीप माझ्यापासून दोन हातांवर उभा होता.

"चेंबर देखा था?" चौकशीच्या साहेबांनी मला विचारलं.

"जी साहब, देखा था."

पुढं कुणी विचारलं नसताना मी म्हणालो, तपासणीनंतर संदीपनं मॅगझिन परत लावली असावी. साहेबांनी संदीपला विचारलं, "गवाह से कुछ पूछना है?" तो माझ्याकडे बघत होता.

"नहीं साहब."

त्याचं कोर्ट मार्शल झालं. आधी जेल, मग नोकरीतून बडतर्फी. मी नायब सुभेदार होऊन पेन्शनवर आलो.

गेली दोन वर्षं मी कोल्हापुरात एका बंदुकांच्या दुकानात काम करतो. लायसन्सच्या बंदुकीला एकवीस वर्षं पूर्ण लागतात. छर्‍याच्या एअर रायफलला लायसन्स लागत नाही. तिथं आमच्या दुकानाचा नियम साधा होता. आधार कार्ड बघायचं, अठरा पूर्ण असतील तर द्यायची. वानरं हाकलायला म्हणून लोक नेतात.

या उन्हाळ्यात कळंब्याकडची दोन पोरं आली. एकाला अठरा पूर्ण होऊन दोन महिने झाले होते. मी त्याला रायफल दाखवत होतो, तेवढ्यात त्यानं ती उचलली, दोस्ताच्या कपाळावर धरली आणि ट्रिगर दाबला. खट्‌ झालं. दोघंही हसायला लागले.

"खाली हाय की मामा!" तो म्हणाला.

मी रायफल ओढून घेतली. ती काउंटरवर आदळली. पोरं घाबरून निघून गेली.

मी मालकांना म्हणालो, "शेठ, हिलाही एकवीसच करा."

शेठ तोंडाळ, पण मनानं सरळ. मला ते मेजर म्हणतात. आमच्याकडे फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजरच असतो. ते म्हणाले, "मेजर, फौजंत तुमी एकोणीस वर्साच्या पोराच्या हातात खरी रायफल देतासा. आनि हितं छर्‍याची द्यायला एकवीस म्हंतासा व्हय?"

"फौजेत त्याच्या शेजारी एक माणूस उभा असतो शेठ. चेंबर बघायला."

"मग झालं की. तितं कवा चूक हुत न्हाई?"

सोळा वर्षांत हा प्रश्न मला कुणी इतका सरळ विचारला नव्हता. मी स्टुलावर बसलो आणि सगळं सांगितलं. बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं, ते सांगितलं. शेवटी शेठ म्हणाले, "मग वय कुनाचं वाढवू मेजर? त्या पोराचं का तुमचं?"

मी उठून रायफल जागेवर ठेवली.

रविवारी मी उचगावला गेलो. संदीप आता एका फौंड्रीत लेथवर काम करतो. तो दारात म्हशीला पाणी पाजत होता. मला ओळखून त्यानं बादली खाली ठेवली आणि त्याच्या टाचा आपोआप जुळल्या. मला ते बघवलं नाही.

"संदीप, चेंबर मी पाहिलं नव्हतं."

"म्हाईत हाय उस्ताद. पन म्हाईत व्हायला लई वर्सं लागली."

"म्हणजे?"

"तुमी बघितलं म्हनालासा. हवालदार खोटं कशाला बोलंल? मीच मॅगझिन परत लावली असंल, असं मला वाटाय लागलं. आठवत न्हवतं, तरी वाटाय लागलं. जेलात लावल्यालीच दिसायची. सव्वीस-सत्तावीसचा झालो आसंन, एक दिस मशीन बंद करताना हात थांबला. मी न्हवती लावली."

"मग आला का नाहीस माझ्याकडे? चार शिव्या तरी द्यायच्या होत्यास."

"काय उपेग? क्रम तर मीच चुकलो हुतो. देसाई भाऊ माज्याच गोळीनं गेलं की." त्यानं बादली उचलली. "चा घेनार?"

मी घेतला.

सोमवारी शेठना सांगितलं, "पोराचं वाढवा. ट्रिगर दाबायला लागणारी ताकद एकोणिसाव्या वर्षी असते. मोठा माणूस खोटं बोलतोय, हे ओळखायची नसते." शेठनी ऐकून घेतलं. "वानरं खूश हुतील," एवढंच म्हणाले आणि मार्करनं पाटीवर लिहिलं, एअर रायफल, एकवीस पूर्ण. तीन वर्षांत कोणी शहाणा होतोच असं मी म्हणत नाही. मला तर छत्तिसाव्या वर्षीही जमलं नाही. म्हणून गिऱ्हाईक कितीही वयाचं असो, रायफल हातात देण्याआधी मी त्याला वाकायला आणि आत बघायला लावतो. त्याच्या आधी मी वाकतो.

फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसला सगळं लिहून पाठवलं आहे. उत्तर अजून आलेलं नाही.

मारुतीच्या श्राद्धाला मी दरवर्षी त्याच्या घरी जातो. त्याची बायको, म्हणजे वहिनी, वाढतात, मी जेवतो. यंदा जेवणाआधी चेंबरचं सगळं सांगितलं. वहिनींनी हातातली पळी खाली ठेवली.

"त्या पोरानं सुरवातीला तीन पत्रं धाडली हुती," त्या म्हणाल्या. "म्या एक बी फोडलं न्हाई."

मी हात जोडले. त्यांनी माझ्यासमोरचं ताट उचललं.

"तुमी जावा आता. त्याला धाडून द्या."

निघताना मी मारुतीच्या फोटोसमोर उभा राहिलो. फोटोखाली त्याचं नाव, हुद्दा आणि तारीख आहे. तो कशानं गेला ते तिथं लिहिलेलं नाही. ते मी इथं लिहिलं.