नात डब्यावर बसली

माझ्या नातीला अंगणवाडीत कुणी खेळायला घेत नव्हतं. घसरगुंडीपाशी पोरं ओळीनं उभी असायची आणि ही मागून यायची, कोपरं चालवायची आणि थेट शिडीवर चढायची. शेवटी आमच्याच गल्लीतल्या एका पोरीनं फर्मान काढलं, "हिला घ्यायचं न्हाई. ही मधीच घुसती." ती पोरगी म्हणजे अंगणवाडीची सरपंच. तेव्हापासून आमची स्वारी भिंतीला टेकून उभी. घरी आली की दप्तर फेकायची, माझ्या मांडीत तोंड खुपसायची आणि म्हणायची, "आजी, उद्या माझ्या पोटात दुखणार हाये."

सून सेनगावला नोकरीला जाते. जीप धरायच्या घाईत ती मला म्हणाली, "आई, तुमीच शिकवा तिला आता. तुमच्या लेकाला लावलीच होती की शिस्त." हे बोलताना तिनं पदराआड काय लपवलं ते मला कळलं. तिच्या नवऱ्यानं सगळं सांगितलेलं असणार.

माझी शिस्त गावात प्रसिद्ध होती. "ओरडू नको" हे मी लेकाला इतक्या मोठ्यानं सांगायची, की समोरचा चहावाला पातेलं खाली ठेवून बघायला यायचा. कुणावर हात उचलू नये, हे मी त्याला दोन धपाटे घालून समजावलं. मोठी माणसं बोलत असताना मधे तोंड घालू नये, हे शिकवायला तर मी सासऱ्यांचं चाललेलं बोलणं मधेच तोडलं होतं. सासरे शांतपणे म्हणाले, "बराबर हाय. शिकव, शिकव." मी कितीतरी वर्षं ती शाबासकी समजत होते. काय ते ध्यान! पदर खोचून, हातात पळी घेऊन घरभर कायदा करत फिरायचं.

या खेपेला मात्र मी ठरवलं, धाक नाही, धपाटा नाही. नुसतं दाखवायचं. आणि रांग दाखवायची तर आमच्या या सेनगावाजवळच्या गोरेगावात गिरणीसारखी जागा नाही. आमच्या गिरणीवर माणसं रांगेत थांबत नाहीत, डबे थांबतात. बाया डबा ओळीत ठेवतात आणि भाजी आणायला, पाणी भरायला निघून जातात. डब्याला कुणी हात लावत नाही. जिचा डबा तिचा नंबर, मग ती बाजारात असो नाही तर झोपलेली असो.

महाशिवरात्रीचा आदला दिवस होता. त्या दिवशी गिरणीवाला सकाळीच गिरणी झाडून पुसून घेतो आणि आधी फक्त उपवासाचं दळतो. भगर, साबुदाणा, राजगिरा. ते सगळं संपलं की मग ज्वारी-गहू. कारण गिरणीत एकदा का ज्वारी पडली, की पुढच्या दळणात थोडं तरी ज्वारीचं पीठ येणारच, आणि तशा पिठाची भाकर उपवासाला चालत नाही.

आम्ही ज्वारीचा डबा घेऊन पोचलो तेव्हा उपवासवाल्या बाया दळून गेलेल्या दिसत होत्या. ओळीत एकच डबा उरला होता, वर फडकं बांधलेला. त्याच्यामागं मी आमचा ठेवला आणि नातीला धडा दिला.

"हे बघ, हा डबा आपल्या आधी आला. त्याचं झाल्याबिगर आपलं न्हाई."

"पण त्याची बाई कुठं हाये?"

"आसंल कुठं. डबा हाये ना? डबा म्हणजेच बाई. तिला मान द्यायचा."

नातीनं फडक्यातल्या डब्याकडं अदबीनं बघितलं. मी मनात म्हटलं, किती सोपं असतं हे.

तेवढ्यात गिरणीवाला आतून ओरडला, "पुढचा कुणाचा? लवकर करा, अकराला लाईट जाती."

बाईचा पत्ता नव्हता. घरात पीठ औषधाला नव्हतं. आणि माझे हात, काय सांगू, त्यांना जुनी सवय. मी आमचा डबा उचलला आणि सहज, अगदी सहज, फडक्यापुढं सरकवला. "माझी ज्वारी घे रे बाबा."

नात माझ्याकडं बघत राहिली. मग गेली आणि आमच्या डब्याच्या झाकणावर मांडी घालून बसली.

"ऊठ गं."

"आपला नंबर न्हाई."

"अन्नाच्या डब्यावर बसू नये, पाप लागतं."

"मग तू काहून पुढं सरकवला? ती बाई हाये ना?" तिनं फडक्याकडं बोट केलं.

गिरणीवाला दारात येऊन हसून राहिला होता. "काकू, तुमाला नियम शिकवायला घरीच मास्तरीण हाये की."

मी तिला उचलायला वाकले. तिनं डब्याच्या दोन्ही कड्या घट्ट धरल्या. आमची ही झटापट चालू असतानाच डब्याची बाई आली, हातात साबुदाण्याची पुडी घेऊन. आमच्याच गल्लीतली म्हातारी, अंगणवाडीच्या सरपंचाची आजी. सरपंचही बोट धरून सोबत होती.

"अवो, घरी साबुदाणा इसरला होता, तोच आणायला गेले," म्हातारी म्हणाली आणि फडकं सोडलं. आत भगर.

गिरणीवाल्याचं हसू गेलं. माझंही. म्हातारीनं सरकलेले डबे बघितले, माझी ज्वारी बघितली, झाकणावरची नात बघितली. तिला सांगावं लागलं नाही.

"माज्या उपासाचं वाटोळं करत होता की तुमी," ती मला म्हणाली.

"मी कुठं, हिनं थांबवलं ना," मी म्हणाले. असल्या वेळी नात असली की आडोसा होतो.

म्हातारीनं नातीच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. नात उठली नाही. भगर गिरणीत पडेपर्यंत ती तिथंच बसून होती. भगर दळून झाली, म्हातारीनं पीठ फडक्यात बांधलं, आणि लाईट गेली. आमची ज्वारी तशीच घरी आली. रात्री भात खाताना सुनेनं सगळं ऐकलं आणि तिला ठसकाच लागला.

शिवरात्रीला संध्याकाळी अंगणात बसले होते, तर ती सरपंच पोरगी दारात येऊन उभी राहिली. आमची नात खांबाआड गेली.

"येती का खेळायला?" पोरगी म्हणाली. "पण मधी घुसायचं न्हाई."

नात खांबाआडून बाहेर आली. "मी घुसत न्हाई," ती म्हणाली, आणि माझ्याकडं बोट करून, "ही घुसती."

पोरीनं मला नीट न्याहाळलं. "हिला न्हाई घ्यायचं मग," असं म्हणून तिनं नातीचा हात धरला, आणि दोघी पळाल्या.