दिवा मालवल्यावर

अमेरिकेतल्या रॉचेस्टरची वर्ना आणि तिचा नवरा डेलबर्ट, दोघंही जन्मापासून बहिरे. त्यांची भांडणं हातांनी चालत. हरायला लागला की डेलबर्ट दिवा मालवून टाकी. अंधारात कोण कुणाचे हात वाचणार?

साठीत वर्नानं कानाला यंत्र बसवून घेतलं.

"ऐकणाऱ्यांतली झालीस ना? मग आमच्यात कशाला बसतेस?" डेलबर्टच्या हातांनी टोमणा मारला.

"मग कुठे बसू, तुझ्या डोक्यावर?"

खटकन दिवा गेला.

अंधारात बारीक, तुटक आवाज येऊ लागला. वर्ना गोंधळली. नळ? बंद होता. फ्रिजची घरघर तर तिला आता ओळखू येई. चाचपडत ती डेलबर्टपाशी पोचली. हाताला लागलेली त्याची पाठ हुंदक्यांनी हलत होती.

इतकी वर्षं डेलबर्ट यासाठी दिवा मालवत होता? विचारायचं तर दिवा लावायला हवा, आणि तिचा हात बटणाकडे जाईना.