दव न पडणारी जागा

मी दहावीत होते, त्या हिवाळ्यात आम्हाला घरातच एक गरम जागा सापडली. ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल. बल्लारपूरच्या अलीकडे, कधीच बंद पडलेल्या एका खाणीच्या टेकाडाला लागून आमची भाड्याची खोली होती. बाबा बांबू उतरवण्याच्या कामावर जायचे, आई घर सांभाळून मिळेल ती मजुरी करायची. त्या खोलीत आम्ही दिवाळीनंतरच राहायला आलो होतो. भाडं इतकं कमी का, हे आम्ही विचारलं नाही. कमी आहे, एवढं पुरेसं होतं.

त्याआधीचे हिवाळे आठवले की मला तनसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा वास येतो. आईचं माहेर कुरखेड्याकडचं. धान झोडून झाल्यावर बाबा तिकडे जायचे आणि वडशाहून छोट्या रेल्वेगाडीने तनसाची दोन पोती घेऊन यायचे. ती पोती म्हणजे आमच्या गाद्या. त्यावर आईने जुन्या लुगड्यांची शिवलेली वाकळ. कूस बदलली की पोतं करकरायचं, म्हणून कोण जागं आहे ते सगळ्यांना कळायचं. भिंतींच्या फटीत आम्ही चिंध्या कोंबायचो. चुलीत वीट तापवून, फडक्यात गुंडाळून पायाशी घ्यायचो. ती आधी मला मिळायची, कारण मला अभ्यासाला बसायचं असे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी सातवीच्या पुढे गेलं नव्हतं. त्या विटेचं ऋण माझ्यावर अजून आहे.

नव्या खोलीतली गरम जागा आधी मांजरीने शोधली. मागच्या भिंतीच्या कोपऱ्यात ती रोज जाऊन पडायची. मग आईच्या लक्षात आलं. थंडीत शेणाचं सारवण वाळायला दुपार होते. पण त्या कोपऱ्यात तिने हात फिरवला की मागोमाग ते पांढरं पडायचं. तिने तळवा टेकवून पाहिला. मला बोलावलं, माझा हात ठेवला. नुकतंच कोणी उठून गेलेल्या जागेसारखी जमीन ऊन होती.

घरमालक म्हणाला, "इथी जमीनच तशी आहे. नशीब समजा."

आम्ही नशीबच समजलो. आजूबाजूच्या बाया वाती वळायच्या, तांदूळ निवडायच्या निमित्ताने येऊन तिथे बसू लागल्या. त्यातली एक आईला म्हणाली, "तुयी जमीन तापली बाई, आता तुयं नशीब काऊन तापत नाई ते पाह्य."

"तापन, तापन," आई म्हणाली. "पोरगी मॅट्रिक होऊन राह्यली ना."

येत नसत ते फक्त समोरच्या खोलीतले भाऊ. त्यांचं वय झालं होतं, उजव्या हाताची दोन बोटं नव्हती. सारा जन्म त्यांनी जमिनीखाली, खाणीत काम केलं होतं आणि आता ते कडाक्याच्या थंडीतही बाहेर बाजेवर बसायचे. आई त्यांना हाक मारायची, "भाऊ, या ना शेकाले. तुमाले थंडी वाजत नाई काय?"

"वाजते ना बाई. थंडी चांगली. सांगून येते ते."

एकदा सकाळी त्यांनी बाबांना विचारलं, "तुमच्या घरामांगं दव काऊन नाई पडत?" बाबा हसले. पण मी मागे जाऊन पाहिलं. सगळं गवत दवाने ओलं होतं आणि भिंतीलगत खाटेएवढा तुकडा कोरडा होता. तिथली घाणेरीची झुडपंही पिवळी पडली होती. मी ते पाहिलं आणि पुस्तकाकडे परत आले.

पौषात माझी ताई बाळंतपणाला आली आणि आठव्या महिन्यातच बाळंत झाली. मुलगा झाला. तो इतका लहान होता की बाबांच्या दोन पंजांत मावायचा. सरकारी दवाखान्यातून सोडताना नर्सबाईने आईला बजावलं होतं, "याच्या अंगात स्वतःची गर्मी नाई. तुमी जितकी द्यान तितकी. एक रात थंडी लागली तर काई खरं नाई."

आमच्याकडे बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांचा शेक ठेवतात. चाळीस दिवस निखारे म्हणजे केवढा कोळसा, केवढं लाकूड. आई म्हणाली, "आपल्याले तं जमिनीनंच शेक देला." कोपऱ्यात ताईची बाज टाकली. वारा लागू नये म्हणून पोती उसवून आडपडदा केला, खिडकी चिंध्यांनी बंद केली. बाळाला कापसात गुंडाळून सुपात घातलं आणि सूप थेट त्या गरम जमिनीवर ठेवलं. बाजेपेक्षा खाली जास्त ऊब होती.

बाळाचे हातपाय गार पडेनासे झाले. आई दिवसातून दहादा त्याच्या तळव्यांना हात लावून पाहायची आणि प्रत्येक वेळी तिचा चेहरा सैल व्हायचा. सगळे जमिनीचे गुण गाऊ लागले.

बाळाजवळ दिवा असावा म्हणून आईने सुपाशेजारी रॉकेलची चिमणी ठेवली. ती टिकेना. ज्योत बारीक व्हायची, निळी पडायची आणि विझायची. फळीवर ठेवली की छान जळायची. आईने वात बदलली, मग रॉकेलवाल्याला शिव्या दिल्या, मग चिमणी फळीवरच ठेवून दिली. ताईचं डोकं दुखायचं. ते बाळंतपणाचं म्हणून आई तिच्या कपाळाला फडकं घट्ट बांधायची. माझंही दुखायचं. मी पडद्याच्या आत, सुपाजवळ जमिनीवर बसून वाचायचे, कारण बोटं तिथेच मोकळी राहायची. अक्षरं पोहू लागली की मला वाटायचं, परीक्षेची भीती.

मांजर त्या कोपऱ्यात यायची बंद झाली. बाळंतिणीच्या वासाने येत नसेल, असं आई म्हणाली.

आणि बाळ रडायचं नाही. पहिले तीन-चार दिवस ते मांजरीच्या पिलासारखं कुईकुई करायचं. मग तेही थांबलं. दूध पाजायला उठवलं तर दोन घोट घेऊन पुन्हा झोपायचं. येणाऱ्या बाया म्हणायच्या, "किती गुणाचा आहे. मायले तरास देत नाई." ताई अभिमानाने त्याच्याकडे पाहायची. आम्ही सगळ्यांनीच त्या शांततेचं कौतुक केलं.

बाराव्या दिवशी नाव ठेवायचं ठरलं. बुद्धवंदना होणार होती, मेणबत्त्या आणल्या होत्या, शेजारच्या बाया जमायच्या होत्या. सकाळी धुकं इतकं होतं की समोरची खोली दिसत नव्हती. आई घाईघाईने सारवत होती. पडद्याबाहेरून सुरुवात करून ती कोपऱ्यापर्यंत पोचली होती. पडदा बाजूला सारून बाज तेवढी सरकवली होती, सूप जागेवर होतं.

समोरचे भाऊ धुक्यातून आले आणि दारातच थांबले. बाळासाठी त्यांनी एक टोपडं आणलं होतं. बाळंतिणीच्या खोलीत परके पुरुष शिरत नाहीत, म्हणून त्यांनी हात लांब करून ते माझ्याकडे दिलं.

"गरिबाचा अहेर आहे, पोरी. मोठा होईन तं म्हणा, बुड्यानं देलं होतं."

तेवढ्यात त्यांची नजर आईच्या हाताकडे गेली. सारवलेली जमीन दारापासून ओली काळी होती, आणि कोपऱ्यात, जिथे तिचा हात आत्ता फिरत होता, तिथे ती तिच्या बोटांमागे पांढरी होत चालली होती.

"बाई, हे कवापासून?"

"आमी आल्यापासून, भाऊ. तुमी येतच नाई शेकाले."

त्यांनी चप्पल काढली नाही, काही विचारलं नाही. ते आत आले. ताईने घाईने पदर ओढला. भाऊ उकिडवे बसले, तीन बोटांचा हात जमिनीवर टेकवला, मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "चिमणी दे लावून."

मी फळीवरची चिमणी लावून दिली. त्यांनी ती छातीशी धरली. ज्योत सरळ होती. मग सावकाश, विहिरीत पोहरा सोडावा तशी ते ती खाली नेऊ लागले. गुडघ्याशी ज्योत आखडली. सुपाच्या काठाशी निळी झाली. जमिनीला टेकण्याआधी विझली.

त्या आठवड्यात माझ्यासमोर विज्ञानाचं पुस्तक उघडं होतं. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो, जळती मेणबत्ती विझवतो. शाळेत गुरुजींनी बरणीत प्रयोग करून दाखवला होता. सहामाहीला मला त्या प्रश्नाचे पूर्ण गुण मिळाले होते. ते उत्तर मी त्याच कोपऱ्यात, त्या सुपाशेजारी बसून, डोळे मिटून पाठ म्हणत होते.

भाऊंनी आईला विचारलं, "पोर रडते काय?"

"नाई भाऊ," आई म्हणाली. आवाजात अजून कौतुक होतं. "लय शांत आहे."

"किती दिसापासून नाई रडलं?"

आईने ताईकडे पाहिलं. ताईने माझ्याकडे.

भाऊंनी सूप उचललं आणि ते दाराबाहेर धुक्यात गेले. ताई बाजेवरून उठून तशीच धावली. अंगणात नुकत्या आलेल्या दोन बाया ओरडल्या, "अहो, काय करून राह्यले तुमी, लेकराले थंडी लागन." भाऊंनी ऐकलं नाही. त्यांनी बाळाचा कापूस बाजूला केला, त्याला आपल्या पंजावर पालथं घेतलं आणि तळपायाला टिचक्या मारू लागले. बाळाचे गाल लाल होते. इतके दिवस आम्ही त्याला तेज म्हणत होतो.

बाराव्या दिवशीची सारी तयारी तिथे होती आणि अंगणात कोणी हलत नव्हतं. नर्सबाईचं वाक्य माझ्या कानात होतं. एका बाजूला ती थंडी होती, एका बाजूला ती खोली. ताईने बाळाला घ्यायला हात पुढे केले, तर भाऊ म्हणाले, "थांब माय. हवा खाऊ दे त्याले." आणि टिचक्या मारत राहिले. त्यांच्या बोटांचा आवाज मला ऐकू येत होता.

मग बाळाने तोंड उघडलं. आवाज नंतर आला. बारीक, चिरका, रागावलेला. ताई मातीतच खाली बसली. आईचे शेणाने भरलेले हात तिच्या दोन्ही बाजूंना तसेच लोंबत होते.

"खाली कोळसा जळून राह्यला," भाऊ म्हणाले. "खदानीच्या जुन्या गाळ्यात. कवाचा लागला कोणाले मालूम. वर गर्मी येते, तिच्यासंगं खराब हवा येते. आत जाऊ नका आता कोणी. सामान मी काढतो."

त्या दिवशी नाव ठेवलं गेलं नाही. आम्ही भाऊंच्या खोलीत गेलो आणि ते स्वतः बाहेर बाजेवर झोपू लागले. त्यांची खोली हाडं गारठवणारी होती. बाळाला ऊब द्यायला आता आमच्याकडे अंगाशिवाय काही नव्हतं. ताईच्या छातीशी, मग आईच्या, मग माझ्या. बाबा कामावरून आले की गरम पाण्याने हात-छाती धुवायचे, सदरा काढायचे, बाळाला उघड्या छातीवर घेऊन वरून घोंगडी ओढायचे आणि ताई उठवेपर्यंत हलायचे नाहीत. मी त्याला आईच्या लुगड्याने पोटाशी बांधून अभ्यास करायचे. तो झोपला की मला वाचवत नसे. मी त्याच्या टाळूवर बोट ठेवून बसायचे आणि थोड्या थोड्या वेळाने त्याला मुद्दाम चिमटा काढायचे. तो रडला की पान उलटायचे.

मी त्या वर्षी पास झाले. पुढे बी. ए. झाले, नोकरी लागली. भाचा वाढला, पण बोलायला फार उशिरा लागला. घरात कोणी त्याचं कारण काढत नाही. आई मात्र अजून, तो गप्प बसला की हातातलं काम टाकून त्याला हाक मारते.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही स्टेशनच्या बाजूला राहत होतो. भाऊ एकदा येऊन सांगून गेले की पावसाळ्यात त्या खोलीमागे भेग पडली होती, तिच्यातून वाफ निघायची. घरमालकाने वरून सिमेंट लावलं आणि खोली पुन्हा भाड्याने दिली. भाऊंनी नव्या लोकांना सांगितलं, तर त्यांनी म्हाताऱ्याला भ्रम झाला असं ठरवलं.

आईने त्याच दिवशी चिमणी पिशवीत घातली. भाच्याला कडेवर घेऊन मी तिच्यामागे गेले.

खोलीत माझ्या ताईच्या वयाची एक बाई होती. कोपऱ्यात, त्याच जागी, वाकळ अंथरून तिची सासू झोपली होती. आईने सांगायला सुरुवात केली. बाईने ऐकून घेतलं.

"बुड्यानंही हेच सांगतलं," ती म्हणाली. "खोली तुमालेच परत पाह्यजे असन तं सरळ म्हणा ना, बाई. माया सासूचे गुडघे इथीच मोकळे झाले. आता तं रातभर झोपते. कण्हतसुद्धा नाई."

आईने पिशवीतून चिमणी काढली, लावली आणि त्या बाईच्या हातात दिली.

"ठेव खाली," ती म्हणाली. "सासूच्या उशाशी."

बाई हसत वाकली. ज्योत तिच्या कमरेशी सरळ होती. गुडघ्याशी ती आखडली. भाच्याने माझ्या कडेवरून बोट दाखवलं. बाई आणखी वाकली नाही. तिने चिमणी तशीच अधांतरी धरली, सासूकडे पाहिलं, आणि मोकळ्या हाताने तिच्या अंगाखालची वाकळ दाराकडे ओढायला घेतली.